मेंदूच्या रक्षणाला जाळीपेक्षा वेळेची गरज

हृदयाची अरुंद झालेली महाधमनी झडप छाती न उघडता, मांडीतील रक्तवाहिनीतून नळी नेऊन बदलण्याची ‘टॅव्ही’ पद्धत आता भारतातही रुळली आहे. या प्रक्रियेत झडपेवरील कॅल्शियमचे कण सुटून मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. ते अडवण्यासाठी मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांत बारीक जाळ्या तात्पुरत्या बसवल्या जातात. तर्क पटणारा; पुरावा मात्र दुबळा. २०२२ मधील ३,००० रुग्णांच्या चाचणीत पक्षाघाताचे प्रमाण जाळीसह २.३ आणि जाळीविना २.९ टक्के आढळले. हा फरक निर्णायक ठरला नाही. २०२५ मध्ये ब्रिटनमधील ७,६३५ रुग्णांत ते २.१ विरुद्ध २.२ टक्के इतकेच निघाले. त्यामुळे महागड्या जाळीचा सरसकट आग्रह तूर्त समर्थनीय नाही.

पक्षाघात झालाच, तर गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत मिळणे हेच खरे संरक्षण. कोगनोळीसारख्या सीमेवरील गावात ही वेळ पाळणे केवळ अंतरावर अवलंबून नाही. राज्य कर्नाटक, पण जवळचे मोठे शहर कोल्हापूर. कोरोनाकाळात येथील नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडून चाचणीचा अहवाल मागितला जाई. २०२३ मध्ये महाराष्ट्राने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना देण्याचे ठरवले. कर्नाटकाने त्यास हरकत घेतली. सीमावाद न्यायालयात चालू राहील. तोवर तातडीच्या रुग्णाचे कार्ड दोन्ही बाजूंच्या रुग्णालयांत चालावे, एवढा समझोता दोन्ही सरकारांना अशक्य नाही.