नागरिकत्वाची वाट सोपी, जातीचा दाखला मात्र अडलेलाच

नार्नूरकरांना हे नवं नाही. बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत, तर सीमेपलीकडे जिवतीत विमुक्त जातीत. माणूस तोच, राज्य बदललं की सवलत बदलते.

हाच फटका पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना बसतो. सरकारने त्यांना गडचिरोलीच्या चामोर्शी, मुलचेरा भागात आणि इकडे कागजनगरजवळ वसवलं. त्यांच्यात नमःशूद्र बरेच. ही जात पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित आहे. महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या यादीत तिचं नावच नाही.

२०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत बांगलादेशातून आलेल्या हिंदूंसाठी वास्तव्याची अट ११ वरून ५ वर्षांवर आणली. नियम ११ मार्च २०२४ ला निघाले. पण नागरिकत्वासोबत जातीचा दाखला येत नाही. आंध्रातून मुंबईत आलेल्या मर्री चंद्रशेखर राव या विद्यार्थ्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९९० मध्येच सांगितलं, की एका राज्यातली जमातीची सवलत दुसऱ्या राज्यात लागू होत नाही.

यादी बदलते ती संसदेच्या कायद्यानेच. त्यामुळे तहसीलदार ऑफिसात खेटे घालून उपयोग नाही. दोन्ही राज्यांनी केंद्राकडे शिफारशीचा पाठपुरावा करायला हवा. नाहीतर तिसऱ्या पिढीचाही कॉलेजचा फॉर्म जातीच्या रकान्यापाशीच अडेल.