पाठ केलेलं बोलणं बाजारात टिकत नाही



ग्राहकाशी काय बोलायचं ते लिहून काढा, पाठ करा, असं बरेच प्रशिक्षक सांगतात. मला हे पटत नाही. समजा, पुसेगावच्या बाजारात तुम्ही हळद पावडरची पाकिटं घेऊन बसलात आणि पहिल्याच बाईंनी विचारलं, "यात रंग तर नाही ना टाकला?" गेलं सगळं पाठांतर! कारण हा प्रश्न तुमच्या कागदावर नव्हताच.

आपल्या तमाशात यावर कधीचंच उत्तर आहे. गण, गवळण, मग बतावणी. विषयाचा सांगाडा ठरलेला, पण बोलणं बरंचसं जागेवर सुचलेलं. सोंगाड्या समोरच्याचा शब्द पकडायचा आणि पुढं न्यायचा. १९६५ साली आलेल्या 'विच्छा माझी पुरी करा'ला वसंत सबनीसांची लेखी संहिता होती, तरी दादा कोंडके त्यात ताज्या घडामोडींवर जागच्या जागी कोट्या करायचे. तिकडे अमेरिकेत व्हायोला स्पोलिन यांनी नटांसाठी असेच उत्स्फूर्त खेळ तयार केले. १९६३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्या परंपरेतला आज सगळ्यात गाजलेला नियम म्हणजे 'हो, आणि'. समोरचा देईल ते आधी स्वीकारा, मग त्यात भर घाला.

इथंच गफलत होते बघा. 'हो, आणि' म्हणजे ग्राहक म्हणेल ते मान्य, असं नाही. "उधारीवर द्या" याला "हो, आणि अजून दोन किलो न्या" म्हणालात तर भांडवल संपलंच. स्वीकारायची ती त्याची शंका, अट नाही.

"महाग आहे हो."

"हो ताई, सुट्ट्या पावडरपेक्षा महागच आहे. आणि हळकुंडं आमच्याच रानातली आहेत, ही बघा, नमुना सोबत ठेवलाय."

याउलट "महाग कुठंय?" म्हटलं की वाद सुरू. पण हळकुंडं खरंच तुमच्या रानातली असतील तरच हे बोला. सोंगाड्याची थाप लोक हसून सोडून देतात, दुकानदाराची नाही.

आज रात्री घरातल्या कुणाला तरी ग्राहक करा. दोन मिनिटं तुमचं प्रत्येक वाक्य 'हो, पण'नं सुरू होऊ द्या, पुढची दोन 'हो, आणि'नं. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. मग त्यांना सांगा, आता उधारीच मागा, हट्टानं मागा. 'नाही' म्हणूनही बोलणं चालू ठेवता येतंय का, ते बघा.