पाठांतर मुलींच्याच माथी का?

बारावीच्या मुलींना क्लासमध्ये सांगतात, “फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट पाठच करा.” मुलग्यांना मात्र, “समजून घ्या, पुढे लागेल!” याची मला चीड येते. जस्तावर लाल प्रकाश कितीही प्रखर टाका, इलेक्ट्रॉन सुटत नाही. मंद अतिनील किरणांनी लगेच सुटतो. कारण इलेक्ट्रॉन एका वेळी प्रकाशाचा एकच पुंज घेतो. तिकीट १० रुपयांचं आणि एकच नाणं चालणार, तर १ रुपयाची १०० नाणी काय कामाची? यात मुलींना न कळण्यासारखं काय आहे?

म्हणे, पदार्थविज्ञान बायकांचं नव्हे! अणुविखंडनाचा उलगडा १९३९ साली लिझे माइटनर आणि त्यांचा भाचा ऑटो फ्रिश यांनी केला. १९४४ चं नोबेल मिळालं एकट्या ऑटो हान यांना. मैत्रिणींनो, आपल्या अभ्यासवर्गात तरी सूत्राआधी ‘का’ विचारू द्या.