गेमनिर्मिती आणि चरितार्थ

संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलाने गेमनिर्मितीचा व्यवसाय पत्करावा की सर्वसाधारण सॉफ्टवेअरची नोकरी धरावी, हा प्रश्न पुण्यामुंबईत जितक्या निश्चिंतपणे चर्चिला जातो तितक्या निश्चिंतपणे तो यवतमाळ, पुसद किंवा वणीच्या घरांत चर्चिला जाणे शक्य नाही. कारण येथे शिक्षणाचा खर्च पुष्कळदा कापसाच्या एका हंगामावर, आणि तो बुडाला तर कर्जावर, अवलंबून असतो. म्हणूनच उभय पक्षांच्या बेधडक विधानांची झडती घेणे अगत्याचे आहे.

पहिला पक्ष म्हणतो की गेम हा रिकामटेकड्यांचा उद्योग असून २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने सरकारनेच त्याला मनाई केली आहे. हे म्हणणे सर्वस्वी गैरसमजावर उभे आहे. त्या कायद्याने मनाई केली ती पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना. ई-स्पोर्ट्सला तर त्याच कायद्याने मान्यता दिली आहे. राहिला रिकामटेकडेपणाचा आरोप. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रे उमटवायची म्हणजे एका चित्रास सुमारे सोळा मिलिसेकंदांचा अवधी मिळतो, आणि तेवढ्यात प्रत्येक वस्तूचे स्थान, तिची टक्कर व तिच्यावर पडणारा प्रकाश या साऱ्यांचे गणित उरकावे लागते. सदिश, सारणी, गतिशास्त्र आणि संगणकाच्या स्मृतीचा काटेकोर हिशेब यांवाचून हे साधत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेचा ‘राजी’ हा गेम २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसूनही २०२० साली प्रकाशित झाला आणि जागतिक गेम पुरस्कारांत पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. एवढ्या विद्येला पोरखेळ म्हणणे हा अन्याय आहे.

परंतु दुसऱ्या पक्षाचे मतही मला तितकेच अग्राह्य वाटते. बँकेची खाती, दवाखान्याच्या नोंदी व वीजबिले यांचे सॉफ्टवेअर लिहिणे ही केवळ कारकुनी असून प्रतिभावंताने तिच्यात आयुष्य दवडू नये, असे तो सांगतो. पण सीसीआयने, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाने, २०२५-२६ च्या हंगामात हमीभावाने कापूस विकण्यासाठीची नोंदणी ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नेली. असे अ‍ॅप ऐन खरेदीत अडले तर शेतकऱ्याचा माल व चुकारा दोन्ही अडतात, आणि ते न अडेल असे लिहिणाऱ्याची योग्यता कोणत्याही कलावंताहून कमी नाही. शिवाय गेमच्या व्यवसायात वर्षानुवर्षांची मेहनत एका कृतीच्या यशापयशावर टांगलेली असते; २०२४ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टसारख्या धनाढ्य कंपनीने गेम विभागातील १९०० माणसे कमी केली. सर्वसाधारण सॉफ्टवेअरही आता अढळ राहिलेले नाही, टीसीएसने २०२५ मध्ये सुमारे १२ हजारांच्या कपातीची घोषणा केली. मात्र बँकेचे काम सुटलेल्या अभियंत्यास दवाखान्याचे वा विम्याचे काम मिळू शकते, हा भेद कर्जदार कुटुंबाने नजरेआड करू नये.

माझे प्रतिपादन असे की हा निवाडा प्रवेशाच्या वेळी करण्याचे कारणच नाही. पदवी संगणकशास्त्राची व्यापक घ्यावी, मग ती यवतमाळच्या दर्डा महाविद्यालयाची असो वा पुसदच्या बाबासाहेब नाईक महाविद्यालयाची. आणि त्या चार वर्षांत एक लहानसा गेम आरंभापासून शेवटापर्यंत पुरा करावा. गोडोसारखे गेम रचण्याचे इंजिन विनामूल्य उपलब्ध आहे, आणि विषयही दूर शोधायला नको: आट्यापाट्यांच्या पाट्या, त्यांवर अडवणारे गडी आणि हुलकावणी देऊन निसटणारा खेळाडू एवढ्यावर उत्तम गेम रचता येईल. अर्धवट सोडलेल्या दहा कल्पनांपेक्षा पुरी केलेली ही एक कृती मुलाचा कल निःसंशय दाखवील. तरीही घरावर कर्ज असेल तर पहिली नोकरी सर्वसाधारण सॉफ्टवेअरचीच घ्यावी, आणि तीत कमीपणा मानू नये.

पालकांना माझी विनंती एवढीच आहे: मुलाला गेम रचण्यापासून अडवू नका, पण त्याने पुरा केलेला एक तरी गेम स्वतः पाहिल्यावाचून, महागड्या गेम-पदविकेसाठी सातबारावर बोजा चढू देऊ नका.