जायबंदी हाताचा सौदा

कोपरावरील शस्त्रक्रिया, बरगडीचा अस्थिभंग, चेंडू लागून मोडलेले बोट आणि सायकलवरून पडून मोडलेले मनगट अशी दुखापतींची फेरिस्त ज्याच्या नावे जमा होती, त्या ३४ वर्षांच्या क्रिस सेल या बेसबॉलपटूला, व्हॉन ग्रिसम हा तरुण खेळाडू देऊन, अटलांटा ब्रेव्ह्जने डिसेंबर २०२३मध्ये पदरात घेतले, ते योग्यच झाले. कारण सेलच्या आधीच्या संघाने, बोस्टन रेड सॉक्सने, सोबत १ कोटी ७० लाख डॉलरही दिल्याने जोखमीचा मोठा हिस्सा विकणाऱ्याच्याच शिरावर राहिला. पुढच्याच हंगामात सेलने १८ सामने जिंकून सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार मिळवला, आणि धडधाकट ग्रिसम मात्र मांडीच्या दुखापतीने दीर्घकाळ बाहेर बसला. तथापि बाद फेरीत पाठदुखीमुळे सेलला एकही चेंडू टाकता आला नाही, हेही खर्चाच्या रकान्यात मांडलेच पाहिजे.