दीनी आणि दुनियावी: एक चुकीची फाळणी

मदरशांवरून भांडणाऱ्या दोन पक्षांचे एका गोष्टीवर मात्र एकमत आहे. मदरशाने दीनी तालीमच द्यावी, गणित-विज्ञान हे शाळेचे काम, असे काही उलेमा म्हणतात. दीनी तालीम मुलांना मागे ओढते, ती बंदच करावी, असे काही सुधारक म्हणतात. विद्येचे दीनी (धार्मिक) आणि दुनियावी (ऐहिक) असे दोन तुकडे असतात, हे दोघेही धरून चालले आहेत. इस्लामी शिक्षणविचार मात्र या गृहीतकाला पाठिंबा देत नाही. इमाम गझालींनी ‘इह्या उलूम अद-दीन’मध्ये वैद्यक आणि अंकगणित यांना फर्ज-ए-किफाया, म्हणजे समाजातल्या कुणी तरी पार पाडलेच पाहिजे असे कर्तव्य म्हटले. त्यात त्यांनी शेती आणि विणकामही घातले. सगळे फिकहकडे, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राकडे, धावतात आणि गावाला वैद्य मिळत नाही, ही त्यांची तक्रार होती. यंत्रमागांवर जगणाऱ्या सुरतमधल्या उधन्याने विणकामाला मिळालेले हे स्थान विसरू नये. अठराव्या शतकातल्या दर्स-ए-निजामी या मदरशांच्या अभ्यासक्रमातही तर्कशास्त्र आणि गणित होतेच. ते आज नकोसे मानणे म्हणजे परंपरा राखणे नव्हे, तिला कात्री लावणे आहे.

दुसऱ्या पक्षाचा युक्तिवादही टिकत नाही. मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीच्या 2006च्या अहवालानुसार शाळेच्या वयाची जेमतेम तीन-चार टक्के मुस्लिम मुले मदरशात जातात. मग सगळ्या समाजाच्या मागासलेपणाचे खापर मदरशांवर कसे फोडता येईल? उधना-जळगाव रेल्वेमार्गावरच्या नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुव्याला, सुरत जिल्ह्यातल्या मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवींनी उभारलेला जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम पाहावा. मदरशापासून सुरू झालेल्या या संस्थेने औषधनिर्माणशास्त्र, अभियांत्रिकी आणि अध्यापक शिक्षणाची महाविद्यालये काढली, जालना जिल्ह्यात बदनापूरला वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. कुराणाचे पठण आणि विज्ञानाचे शिक्षण एकाच संस्थेच्या छायेत नांदू शकते, हे तिथे सिद्ध झाले आहे.

यावर रास्त आक्षेप असा की, शेजारी-शेजारी इमारती उभ्या राहिल्या म्हणून विद्या एक होत नाही. कुराण मुखोद्गत करून हाफिज होणारा मुलगा आणि औषधशास्त्र शिकणारा मुलगा वेगळेच राहतात. हे खरे आहे. पण त्यातून मदरसा बंद करा, हा निष्कर्ष निघत नाही. दोन्ही विद्या एकाच मुलाच्या वेळापत्रकात आणा, हा निघतो. मुलाचा वेळ अपुरा पडेल ही भीतीही व्यर्थ आहे. सकाळी शाळा आणि संध्याकाळी मकतब, म्हणजे कुराण शिकवणारा वर्ग, हा क्रम कितीतरी घरांनी आधीच स्वीकारलेला आहे. उणीव आहे ती दोन्हीकडच्या शिक्षकांनी एकत्र बसण्याची. म्हणून उधन्यातल्या पालकांनी मकतबच्या आणि शाळेच्या कारभाऱ्यांकडे एकच मागणी धरावी: आमच्या मुलीला आणि मुलाला दहावीचे प्रमाणपत्र आणि कुराणाची समज, दोन्ही हवे, एकासाठी दुसरे सोडायला आम्ही तयार नाही.