ब्रेकचा पाइप : बचत कोठे, धोका कोठे?

मजुरी वाचावी म्हणून गाडीच्या ब्रेकचा रबरी पाइप घरीच बदलणारे अनेकजण आहेत. स्वतःच्या हाताने काम करण्यास आमचा विरोध नाही. विरोध आहे तो अर्धवट कामाला. पाइप बसला म्हणजे काम संपले, असे नव्हे. लाइनमध्ये हवा राहिली तर पाय दाबल्यावर ती हवाच दाबली जाते, पेडल स्पंजासारखे खाली जाते आणि ऐनवेळी गाडी थांबत नाही. म्हणून एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल सैल करावा व पेडल सोडण्यापूर्वी तो बंद करावा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करावे. तांब्याचे वॉशर नवे घालावेत. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून बरेच दिवस उघडा राहिलेला डबा वापरू नये. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाइप कोठे घासत नाही ना, हे पाहावे.

एवढे जमणार नसेल तर मिस्त्रीची मजुरी महाग नाही. मात्र गॅरेजवाल्या बांधवांनीही जुना पाइप ग्राहकाच्या हाती देऊन त्यातील दोष दाखवावा. या धंद्यात विश्वास हेच खरे भांडवल आहे.